पहिलवान आणि ठकी

"बघ, पाना कसा धरलाय," गॅरेजवाला बायकोला म्हणाला. "कुणी शिकवलं त्याला? रक्तातच असतं ते."

सतरंजीवर आठ महिन्यांची जुळी बसली होती. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं इतकी सारखी. निळ्या टोपड्यातला पहिलवान, गुलाबी टोपड्यातली ठकी. नावं बापाने ठेवलेली. बापाने पोरांसाठी आजवर केलेलं काम तेवढंच.

ठकीनेही पान्याकडे हात केला. बापाने तो बाजूला सारून तिच्यापुढे चिंध्यांची बाहुली धरली. "लागेल गं बायो तुला." ठकीने बाहुली भिरकावली. लाजते, असा बापाने निकाल दिला. मग दोघांनी एकदमच भोकाड पसरलं. पहिलवानाचा आवाज मर्दानी ठरला, ठकी रडूबाई.

बायको टोपड्यांचे बंद बांधत ऐकत होती. बाळंतपणाआधी ती बस चालवायची. डेपोने परत बोलावलं होतं, आज संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. सकाळच्या पाळीला पोरं कोण बघणार, एवढंच अडलं होतं. नवऱ्याचं उत्तर तयार होतं: पोरं सांभाळणं बाईच्या जातीला उपजत येतं, पुरुषाला नाही. अख्खं इंजिन उघडून पुन्हा जोडणाऱ्या हातांना म्हणे लंगोटाची गाठ जमत नव्हती.

शेवटी तिनेच पैज लावली होती. महिनाभर त्याने पोरांवर नजर ठेवायची. मुलगा आपसूक मुलासारखा नि मुलगी मुलीसारखी निघाली, तर ती नोकरीचं नाव काढणार नाही. नाही निघाली, तर सकाळचं सगळं त्याच्या गळ्यात.

आज महिना भरला होता.

"हरलीस ना?"

"बापाची नजर ती, चुकेल कशी?" ती उठली. "डेपोला फोन करून येते. तेवढ्यात पहिलवानाचा लंगोट बदला, ओला झालाय."

"मी?"

"अहो, उद्यापासून जन्मभर मीच आहे की. आज एकदा."

जिंकलेल्या माणसाचं मन मोठं असतं. गॅरेजवाल्याने बाह्या सरसावल्या, पहिलवानाला उताणा घातला, "चला, मर्दगडी," म्हणाला आणि गाठ शोधू लागला.

आतून बायकोचा आवाज आला. "हो साहेब. सोमवारपासून येते, सकाळच्याच पाळीला."

हिला साधं नाही म्हणता येत नाही, असं पुटपुटत त्याने गाठ ओढली. लंगोट सुटला.

पहिलवान मुलगी निघाला.