जावयाच्या मापाचा स्वेटर

चाकूरच्या उमाबाईनं दसऱ्यालाच लोकर आणून नव्या जावयासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणायला घेतला. जावई मल्लिनाथ पडला नांदेडला, म्हणून माप नवऱ्याच्या अंगावर.

"अंगानं तुम्ही दोघं सारखेच की," ती म्हणाली.

चंद्रप्पाला हे लई लागलं. तीस वर्षांच्या संसारात बाईनं त्याच्यासाठी साधा रुमालही विणला नव्हता. मग माप घ्यायची वेळ आली की तो गुपचूप पोट फुगवायचा. आज चार बोटं, उद्या वीतभर. उमाबाई मुकाट्यानं उसवायची, टाके वाढवायची, पुन्हा विणायची. दिवाळीपर्यंत अख्ख्या चाकुरात लोकर शिल्लक राहिली नाही म्हणतात.

पाडव्याला मल्लिनाथनं स्वेटर घातला, तर सोबत बायकोही आत मावली.

"मामा, हा तुमच्याच मापाचा हाय," तो हसू दाबत म्हणाला.

"आता काय करता, आणा इकडं," म्हणत चंद्रप्पानं दम धरून पोट फुगवलं आणि स्वेटर चढवला.

उमाबाईनं तो मागून नीट ओढला आणि हळूच त्याच्या कानात सांगितलं,

"झकास बसला बघा. आता संक्रांतीपर्यंत श्वास तेवढा सोडू नगा."