डाव्या बरगडीतली आग

किणीकरांच्या डाव्या बरगडीखाली आठ दिवस जळजळत होतं. मनगटावरचा पट्टा विमानातला प्रत्येक बिघाड मेकॅनिकच्या अंगात उतरवायचा, आणि डावी बरगडी म्हणजे इंधनाची डावी नळी. नवी नळी आली नव्हती. मालक म्हणाले होते, "थोडं पाझरतंय, एवढंच ना? उडू दे." किणीकर दुखण्यावरच्या गोळ्या घेत राहिले.

त्या सकाळी वैमानिक रेवती म्हात्रे विमानात बसता बसता थांबली. "काका, काही दुखतंय का?"

"पित्त झालंय गं."

विमान टेकडीपलीकडे गेलं आणि त्यांच्या बरगडीत भडका उडाला. धडपडत ते रेडिओपाशी पोचले. "रेवती, मागे फिर! डावीकडे आग लागलीय!"

"दिसतेय, काका. वळतेय."

तेवढ्यात वेदना एकदम थांबली. किणीकर बरगडी दाबत, चाचपत धावपट्टीवर सैरावैरा फिरत राहिले. कुठेच काही दुखेना.

संध्याकाळी चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "बिघाड कधी कळला?"

मालक रोखून पाहत होते.

"आठ दिवसांपूर्वी," किणीकर म्हणाले. "यांना त्याच दिवशी सांगितलं. तरी आज उड्डाणाच्या कागदावर सही मीच केली."