सीमाचा वाटा

विचारायला आता एकच घर राहिलं होतं.

बाकीच्या पाड्याने माना हलवल्या होत्या. गाडी सगळ्यांना आठवत होती. छपरावर सोलर पॅनल, आवाज नाही, धूर नाही. असली गाडी नवापूरच्या डोंगरात कोण विसरेल? पण गाडीतली बाई कुणालाच आठवत नव्हती. ललित मोबाइलवरचा फोटो पुढे धरी आणि लोक गाडीचंच कौतुक करत.

चूक त्याचीच होती. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला आणि निवृत्तीनंतर जुना टेम्पो स्वतःच्या हाताने बॅटरीवर आणला. आत बिछाना, सोलरची शेगडी, पाण्याऐवजी भुशाचा संडास. बॅटरी भरायला गाडीला तीन दिवस ऊन खाऊ घालावं लागे, म्हणून मुक्काम तीन दिवसांचा. नियम एकच. गावाचं काही घ्यायचं नाही, गावात काही सोडायचं नाही. प्यायचं पाणी घरचं. भांड्यांचं पाणीसुद्धा कॅनमध्ये भरून म्हसावदला घरी परत. सीमा, त्याची बायको, कुणाच्या ओट्याकडे वळली की हा हाक मारायचा.

"आपन पाव्हना शेतस का चोर?" ती हसून म्हणायची, आणि परत यायची.

गेल्या वर्षी याच मोसमात ते इथे आले होते. ती शेवटचीच सहल ठरली. पावसाळ्यात सीमा गेली. तेरावा झाला, माणसं आपापल्या कामाला लागली, आणि पुढे तिचं नावही कुणी काढेना. घर खायला उठतं म्हणतात, त्याला आता गाडीही खायला उठत होती. एका तरी परक्या माणसाने म्हणावं, हो, पाहिली होती तिला. एवढ्यासाठीच तो आला होता.

शेवटच्या घरची हिरीबाई मोहाच्या झाडाखाली पहाटे गळलेली फुलं वेचत होती. पाड्याची बोली वेगळी, पण बाजारामुळे तिला अहिराणी येत होती. तिने हात पदराला पुसले, फोटो डोळ्यांजवळ धरला, आणि एकदम त्याच्यामागे गाडीकडे पाहिलं.

"सीमाबाई कोठे शे? उतरनी नही का?"

तुला ती कुठे भेटली, ललितने विचारलं. मग हिरीबाई सांगत गेली. ललित उन्हं वर येईपर्यंत घोरायचा. ते तिन्ही दिवस सीमा पहाटेच इथे यायची, तिच्यासोबत फुलं वेचायची, तिच्या चुलीवरचा काळा चहा प्यायची. नवऱ्याला सांगू नको म्हणायची, रागावेल. आता इथली रीत अशी की सोबत जो वेचतो त्याचा वाटा असतो. सीमाने तो नेला नाही, पुढल्या मोसमात येऊन नेते म्हणाली. हिरीबाईने तो वाळवून टोपलीत झाकून ठेवला होता. घरातल्या कुणाला वर्षभर हात लावू दिला नव्हता.

"यंदा ती येई ना?" तिने विचारलं.

सगळ्या जगाला सांगून झालं होतं. या एका बाईजवळ मात्र सीमा अजून जिवंत होती, तिच्या नावाने घरात वाटा होता. तोंडाशी आलेलं ललितने गिळलं. तो खाली बसला आणि फुलं वेचू लागला.

"तिन्हा गुडघा दुखस," तो म्हणाला. "म्हनीसन माले धाडं तिनी."