बुधवारची अजान

"आजची दुपार कलल्यावरची अजान माझ्याऐवजी तू देशील का, बेयूमीभाऊ?" रिदवानने मशिदीच्या पायरीवरच गाठून विचारलं. घसा पार बसला होता. "वक्फची मंडळी आज माझं ऐकायला यायचीत. बाहेरगावची आहेत, काल एकदाच ऐकलेला तुझा आवाज ओळखणार नाहीत. तुझ्या गळ्याने माझी अब्रू राख."

बेयूमीने मान डोलावली.

कैरोच्या त्या गल्लीत दोघे मुअज्जिन आलटून पालटून अजान देत. आता मशिदीचा कारभार पाहणाऱ्या वक्फने एकच ठेवायचं ठरवलं होतं. दुसऱ्याने आपली वाट धरायची. मंगळवारी मंडळींनी समोरच्या कॉफीखान्यात बसून बेयूमीला ऐकलं होतं. त्यानेही गळ्यातला सगळा खजिना ओतला होता. ताना काय, मुरक्या काय. 'वाहवा' थेट मनोऱ्यापर्यंत पोचली होती.

तरीही रिदवान त्याच्या डोळ्यांत सलायचा. सूर म्हणून नव्हता त्या माणसाकडे, पण म्हाताऱ्या त्याच्यासाठी कुनाफ्याच्या मिठाईचं ताट राखून ठेवायच्या. बेयूमीची सख्खी सासू आजारी पडली, तेव्हा तिनेही दुआ मागायला जावयाला सोडून रिदवानलाच बोलावलं होतं. काय पाहतात लोक त्याच्यात? आणि त्या मंडळींनाही तेच दिसलं तर?

त्याच दुपारी, बुधवारी, बेयूमी मनोरा चढला. शब्द अल्लाचे, त्यांना हात लावायची त्याची छाती झाली नाही. सूर तेवढे काढून घेतले. ना तान, ना मुरकी. ओसाड रानासारखी सपाट अजान. त्यात पापाच्या धास्तीने आवाज कापू लागला, दोनदा तर फुटलाच.

खालून एकही 'वाहवा' आली नाही. बेयूमीला गार वाटलं.

शुक्रवारी नमाजानंतर वक्फचे वडीलधारे शेख अब्दुलबारी यांनी दोघांना समोर बसवलं. रिदवानने हळूच विचारलं, नीट झाली ना? बेयूमी म्हणाला, जमली तशी दिली.

"बेयूमी, काय गळा आहे बाबा तुझा!" शेख म्हणाले. "मंगळवारी आम्ही ऐकतच बसलो. कॉफी निवली, नमाज चुकला, तरी कोणी जागचं हललं नाही."

बेयूमीने चोरून रिदवानकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

"बुधवारी मात्र वर कोणीतरी अल्लाच्या भयाने थरथरत होतं. आम्ही कप तसेच टाकले आणि धावत मशिदीत आलो. रिदवान, ही जागा तुझी."