वेलक्रोचा शर्ट

अर्धांगवायूने वामनरावांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून कुमुदिनीबाईच त्यांना शर्ट घालायच्या. बटणांऐवजी वेलक्रो लावायला त्यांनी दोन शर्ट शिंप्याकडे टाकले होते. तीन आठवडे तो "उद्या" म्हणत होता. गाडीही चार दिवस सुरू होईना. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "काकू, साहेबांना द्या, तुम्हाला नाही कळायचं."

बाईंनी फोन ठेवला, शिंप्याकडून शर्ट तसेच परत आणले आणि स्वतःच मशीनवर बसल्या. जाड वेलक्रोत दोन सुया मोडल्या, तिसरी टिकली. मग बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर साचला होता.

"आधी काळी वायर सोडव," वामनराव खिडकीतून सांगत होते. बाईंनी थर खरवडून काढला, नट आवळले. चौथ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं.

हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायला त्या आत आल्या, तर वामनराव वेलक्रोचा शर्ट घालून दारात उभे होते. एक बाजू वर, एक खाली.

"अहो, जरा सरळ करू का?"

"नको," ते म्हणाले. "मी लावलाय."