जिथं दुखत नाही

"इथं दुखतंय का गं?" छातीवरची चादर जराशी उचलून दानम्मानं लेकीला विचारलं.

"न्हाई अव्वा. हातच लई जळजळ करून राहिलेत."

दानम्माचा जीव भांड्यात पडला. मंजुश्रीच्या हातांवर कोपरापर्यंत टरटरून फोड आले होते. लालबुंद, बघवत नव्हते. सासूनं अंगभर फासलेली विभूती नर्सनं आत्ताच धुऊन काढली होती, आणि तिच्याखाली छाती-पोट पांढरंफटक, कोरडं दिसत होतं. तिथं फोड नव्हता की आग नव्हती. दानम्मा मिळेल त्या गाडीनं उदगीरहून नांदेडच्या दवाखान्यात आली, तेव्हा लेकीचं तोंड तरी दिसतंय की नाही असं तिला झालं होतं. आणि ही तर चांगली बोलत होती. हात काय, आज ना उद्या बरे होतील.

एक गोष्ट मात्र तिला नको असताना कळली. दूध तापवताना पदर पेटला असा सासरहून निरोप आला होता, पण मंजुश्रीच्या उरल्यासुरल्या केसांना पेट्रोलचा वास येत होता. दूध तापवायला कुणी पेट्रोल घेत नाही, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. दानम्मानं तोंड फिरवलं. उठून ती बाहेर आली.

बाहेर बाकावर व्याही महादेवप्पा बसला होता. देगलूरला कापडाचं दुकान, गावात मान, बोलणं तुपासारखं. शेजारी जावई संगमेश मोबाईलमध्ये डोकं घालून होता. बायको आत भाजून पडलीय की पार्लरमध्ये गेलीय, त्याच्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता.

"विहीणबाई, नायब तहसीलदार जबाब घ्यायला येऊन राहिलेत," महादेवप्पा म्हणाला. "दूध तापवताना पदर पेटला, एवढंच सांगू द्या पोरीला. मग आमची सून आमच्या घरी. सगळा इलाज आमच्याकडं." मग त्यानं आवाज उतरवला. "न्हाई तर घेऊन जा उदगीरला. एक भाजलेली आणि एक लग्नाची, दोघी सांभाळा. झेपतंय का बघा."

त्याच्या तोंडावर थुंकावं असं दानम्माला वाटलं. ती थुंकली नाही. धाकट्या सुकन्याला बघायला पुढच्या सोमवारी निलंग्याचे पाहुणे येणार होते. थोरली नवऱ्याला तुरुंगात घालून माहेरी बसली म्हटल्यावर धाकटीच्या दारात कोण उभं राहणार?

ती आत आली. मायेनं बोलायचं ठरवून आली होती, पण तोंडातून निघालं ते करवादूनच.

"पदर पेटला म्हण. दुसरं काही बोलू नको."

"तसंच सांगू?"

"मग काय चव्हाट्यावर आणणार हायेस? जायचं तुला त्याच घरात हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मंजुश्री "बरं" म्हणाली.

साहेब आले. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि थोड्या वेळानं कागद घेऊन निघूनही गेले. महादेवप्पानं शिपायाकडून आतलं काय ते काढून घेतलं. त्याच्या कपाळावरची आठी गेली. मुलाला घेऊन तो चहाला गेला. दानम्माला कुणी चल म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाई मलमपट्टीला आल्या तशी दानम्मा पुढं झाली.

"बाई, हिला छातीला, पोटाला काही दुखत न्हाई बघा. आठवड्यात सोडाल ना?"

डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यापलीकडं नेलं.

"मावशी, दुखत नाही हीच तर भीती आहे. हात वरवर भाजलेत, म्हणून आग होते. तशी जखम भरून येते. छाती, पोट, पाठ मात्र आतपर्यंत जळलीय. दुखणं कळवणाऱ्या नसाच उरल्या नाहीत तिथं."

"म्हंजी?"

"सलाईन चालू आहे, पट्ट्या करतोय. टिकली तर मांडीची कातडी काढून लावू. पण एवढं खोल जळालेलं माणूस फार क्वचित वाचतं. तिच्या सासऱ्यांना आल्या आल्याच सांगितलं होतं. ते बोलले नाहीत तुम्हाला?"

म्हाताऱ्याला ठाऊक होतं. मरणाऱ्या सुनेला नांदवायचा शब्द देऊन त्यानं तिचा जबाब पदरात पाडून घेतला होता, आणि मधली दलाली सख्ख्या आईनं केली होती.

मग तिनं आकाशपाताळ एक केलं. "मुडदा बशिवला त्या मेल्याचा! बोलवा त्या साहेबाला! पेट्रोल टाकून पेटवलं माझ्या लेकीला!" पडदा बाजूला सारून ती खाटेपाशी धावली. "मंजे, खरं सांग गं! आता कुणाला भिऊ नको, खरं सांग!"

डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड धरून तिला मागं घेतलं. "जबाब पुन्हा घेता येतो. पण सांगायचं तिनं." त्या खाटेवर वाकल्या. "मंजुश्री, साहेबांना परत बोलवू? जे खरं घडलं ते सांगशील?"

मंजुश्रीनं मान वळवून आईकडं पाहिलं. तिचा आवाज अजून खणखणीत होता.

"बोलवा की, बाई. पण खरं मी पंचमीला म्हायेरी गेले तवाच सांगितलं व्हतं. ते मला पेटवून देणार हायेत, पाठवू नको म्हणून पाया पडले व्हते. अव्वालाच विचारा."