खिडकीसमोरचा चित्रकार

चित्रकार आजही आला. अग्नियानं पडदा सरकवून पाहिलं आणि चोरी करताना सापडल्यासारखी झटकन मागे झाली. रस्त्यापलीकडे, बर्फाच्या ढिगाशेजारी त्यानं आपलं चित्राचं तिकाटणं उभं केलं, टोपी कानांवर ओढली आणि मान वर करून तिच्या घराच्या दिशेनं बघू लागला.

तोर्झोक गावाला चित्रकारांचं नवल नाही. उन्हाळ्यात नदीकाठी डासांइतके येतात. पण मार्चच्या गारठ्यात, या मागच्या गल्लीत, तेही तिच्या घरासाठी? नवरा गेल्यापासून या लाकडी घराकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मुलगी लांब मुर्मान्स्कला. नव्या वर्षाला फोन करी, तोही घाईघाईत. आपण गेलो की घर पाडतील आणि इथं कुणी राहत होतं हेही कुणाला आठवणार नाही, ही गोष्ट म्हातारीला आतून खात होती. आता घर चित्रात उतरत होतं. माणसं जातात, चित्र राहतं.

म्हणून आठवडाभर ती कंबर कसून कामाला लागली होती. खिडकीच्या कोरीव चौकटीवरची वर्षांची धूळ तिनं पुसून काढली. विटक्या पडद्याच्या जागी लग्नातला लेसचा पडदा लावला. हिवाळ्यात खिडकीच्या फटींना चिकटवलेल्या कागदी पट्ट्या ईस्टर जवळ आल्याशिवाय कुणी काढत नाही. हिनं त्याही फाडल्या आणि काचा आतून-बाहेरून लख्ख केल्या. घरात थंडी शिरली ती शिरलीच. रोज सकाळी लाल शाल पांघरून ती खिडकीत बसे. चित्र बिघडू नये म्हणून फारशी हलतही नसे.

"म्हातारपणी नवरी झालीस की गं!" शेजारची कपितोलिना कुंपणावरून ओरडली. "वऱ्हाड कधी येतंय?"

"तुझ्या का पोटात दुखतंय? तुझ्या घराचं चित्र काढायला कुणी आलं नाही म्हणून?" अग्निया म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

आज मात्र तिला राहवेना. कोबीचं सारण भरून भाजलेला गरम पिरोग तिनं फडक्यात गुंडाळला, लोकरीचे बूट चढवले आणि रस्ता ओलांडला. माणूस तिच्याच वयाचा निघाला. नाक लाल, दाढीत बर्फाचे कण. त्यानं अदबीनं टोपी काढली. पिरोग त्याच्या हाती कोंबून ती चित्रासमोर आली.

गुलाबी ऊन होतं. आकाश होतं. तिच्या छपरामागे उंच दिसणारे जुन्या मठाचे घुमट होते, जाड रंगाच्या भराभर मारलेल्या फटकाऱ्यांनी उजळलेले. सुंदरच होतं. पण घर नव्हतं. छपराचं टोकसुद्धा नव्हतं.

"माझं घर कुठंय?"

"घर यात नाही हो," तो ओशाळून म्हणाला. "नुसते घुमट आहेत."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगावरची लाल शाल एकदम नकोशी झाली. कपितोलिना कुठून तरी बघत असणारच.

"मग आठवडाभर माझ्या खिडकीकडे डोळे फाडून काय बघत होता?" तिचा आवाज चिरकला.

तो नुसता कुंचला चाचपत राहिला. तेव्हा कुठे तिचं तिकडे लक्ष गेलं. कुंचला ठणठणीत कोरडा होता. रंगाच्या फळीवरही रंगाचा टिपूस नव्हता.

"आणि हे काय? रंग कुठंयत तुमचे?"

"असली चित्रं एका बैठकीत होतात. ऊन सरकलं की संपलं," तो खाली बघत म्हणाला. "हे तर पहिल्याच दिवशी झालं."

"अहो, मग रोज इथं गारठत कशाला उभे राहिलात?"

त्यानं पिरोग दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"मी आलो की तुम्ही पडदा सरकवता," तो म्हणाला. "मी आलो की नाही हे बघणारं दुसरं कुणीच नाही मला."